डाव्या अंगठ्याला मानवेल असा कंट्रोलर: स्टिक एका रेषेत असाव्यात की वरखाली?

दांडियाबाजारकर

नमस्कार मंडळी,

मी बडोद्याला दांडिया बाजारात राहतो. वय बेचाळीस, नोकरी हिशेबाची, आणि रात्री जेवणे आटोपली की तासभर संगणकावर खेळणे हा गेल्या कित्येक वर्षांचा परिपाठ आहे. तीन वर्षे वापरलेल्या कंट्रोलरची डावी स्टिक, म्हणजे अंगठ्याने कलवायची छोटी दांडी, आता बिघडली आहे. अंगठा काढून घेतला तरी फुटबॉलमधला माझा खेळाडू पायात चेंडू घेऊन आपण होऊन डावीकडच्या रेषेकडे निघतो, आणि शेजारी बसलेली माझी बारा वर्षांची मुलगी "बाबा, तो घरी चालला" असे जाहीर करते. यावर उपाय म्हणून, ज्यातून मी खेळ चालवतो त्या स्टीम या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये मी डेडझोन, म्हणजे स्टिकच्या मध्याजवळच्या ज्या हालचालीची दखल घ्यायची नाही तो भाग, थोडा थोडा वाढवत ३५ टक्क्यांपर्यंत नेला. त्यामुळे खेळाडूचे भटकणे थांबले आहे.

आता नवा कंट्रोलर घ्यायचाच आहे, परंतु निवड करता येत नाही. प्लेस्टेशनच्या पद्धतीत दोन्ही स्टिक खालच्या बाजूला एका रेषेत असतात, तर एक्सबॉक्सच्या पद्धतीत डावी स्टिक वर आणि उजवी खाली असते. लहानपणी आमच्याकडे टीव्हीला जोडायचा, पिवळ्या कॅसेटचा नकली व्हिडिओ गेम होता. त्यामुळे माझा डावा अंगठा मुळात डी-पॅडवर, म्हणजे चार दिशांच्या अधिक चिन्हासारख्या बटणावर, वाढलेला आहे आणि अजूनही जुने द्विमितीय खेळ मी डी-पॅडवरच खेळतो. मुलीला तेच खेळ आवडतात. मात्र माझा निम्म्याहून अधिक वेळ फुटबॉलमध्ये जातो आणि सुट्टीच्या दिवशी एल्डन रिंग या लढाईच्या खेळात मार खाण्यात जातो.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. साधारण दोन महिन्यांपासून डाव्या अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाला लागून, दुखते. माझा पंजा लहान आहे. मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजला तर साडेसतरा सेंटीमीटर भरतो. तेव्हा कोणाला कोणती मांडणी आवडते आणि का, हे सविस्तर कळले तर बरे होईल. केवळ "अमुक घ्या, उत्तम आहे" एवढ्याने माझे भागणार नाही.

रावपुराकर

आपण ज्याला दोन पद्धती म्हणता त्या कोणी समोरासमोर ठेवून तुलना करून ठरवलेल्या नाहीत. १९९४ मध्ये प्लेस्टेशन आले तेव्हा त्याच्या कंट्रोलरवर स्टिक नव्हतीच. अंगठा सहज टेकतो त्या मोक्याच्या जागी डी-पॅड होता. १९९७ मध्ये दोन स्टिक बसवायची वेळ आली, तेव्हा डी-पॅडला न हलवता खाली जी मोकळी जागा उरली होती तिथे त्या बसवल्या. जुन्या वाड्याला मागाहून गॅलरी काढतात तसाच हा प्रकार होता, आणि ती गॅलरी लोकांना इतकी आवडली की पुढे वाडा नव्याने बांधतानाही ती तशीच ठेवली गेली. याउलट १९९८ चा ड्रीमकास्ट, २००१ चा गेमक्यूब आणि त्याच वर्षीचा पहिला एक्सबॉक्स ही यंत्रे आखली गेली तेव्हा त्रिमितीय खेळच मुख्य झाले होते. म्हणून त्यांत वरची जागा स्टिकला मिळाली आणि डी-पॅड खाली गेला.

यातून माझे मत असे बनले आहे की आपला डावा अंगठा बहुतांश वेळ कुठे राहणार हे आधी ठरवावे, आणि ती वस्तू ज्या कंट्रोलरवर वरच्या जागी असेल तो घ्यावा. डोळे मिटून कंट्रोलर हातात धरला, पाण्याचा पेला धरतो तशी पकड सैल ठेवली, तर अंगठा आपोआप वर पडतो. खालच्या स्टिकवर नेण्यासाठी त्याला आत वळवून खाली ओढावे लागते. मोठ्या पंजाच्या माणसाला ही ओढ जाणवत नाही, परंतु साडेसतरा सेंटीमीटरच्या पंजाला ती जाणवल्याशिवाय राहणार नाही. फुटबॉलमध्ये डावी स्टिक अखंड वापरात असते आणि उजवी केवळ चकवे देण्यापुरती लागते. म्हणून आपल्याला वरखाली मांडणीच योग्य ठरेल असे वाटते. बंदुकीच्या खेळांत मात्र दोन्ही स्टिक सारख्याच राबतात, आणि अशा खेळाडूंना दोन्ही अंगठे एकाच कोनात असणे आवडते; तो आपला प्रश्न नाही.

लहान पंजाचा विषय निघाला म्हणून आठवले. पहिल्या एक्सबॉक्सचा कंट्रोलर एवढा अगडबंब होता की जपानी बाजारासाठी लहान आकाराचा वेगळा बनवावा लागला, आणि पुढे तोच सगळीकडे दिला जाऊ लागला.

कमाटीबाग_संध्याकाळ

रावपुराकरांच्या म्हणण्यातला इतिहास मान्य आहे. निष्कर्ष मान्य नाही. मी बावीस वर्षे एका रेषेतल्या स्टिकवर खेळते आहे, माझा पंजा दांडियाबाजारकरांच्या पंजाहूनही लहान आहे, आणि माझा अंगठा कधीही दुखलेला नाही. याचे कारण असे की मी कंट्रोलर तळव्यात खोल रुतवून धरत नाही. त्याची शिंगे बोटांवर तोलून धरते, त्यामुळे सगळा हातच थोडा खाली सरकतो आणि अंगठ्याला वाकडे व्हावे लागत नाही. पकड पाहिल्यावाचून मांडणीला दोष देणे म्हणजे चपलेचा नंबर न विचारता चप्पल चावते म्हणण्यासारखे आहे.

माझी पसंती प्लेस्टेशन ५ च्या डुअलसेन्स कंट्रोलरला आहे आणि तिचे कारण स्टिक नसून थरथर आहे. जुन्या कंट्रोलरमध्ये असमतोल वजन बसवलेल्या दोन मोटारी फिरतात, त्यामुळे सगळीकडे एकच सरसकट घरघर जाणवते. २०२० च्या या कंट्रोलरमध्ये त्याऐवजी ध्वनिवर्धकासारख्या तत्त्वावर चालणारे भाग आहेत, म्हणून वाळूवरचे पाऊल आणि लाकडावरचे पाऊल हातालाही वेगवेगळे कळते. ट्रिगरही, म्हणजे तर्जनीखाली येणारी बटणेही, खेळाप्रमाणे मऊ किंवा कडक होतात. मात्र आपण संगणकावर खेळता, तेव्हा एक गोष्ट ध्यानात ठेवावी. संगणकावरच्या बहुतेक खेळांत ही करामत कंट्रोलर केबलने जोडल्यावरच मिळते. ब्लूटूथवर तो चालतो, परंतु मुका होतो. ज्यांना केबल नको त्यांनी केवळ यासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

बटणांवरच्या खुणांचाही विचार करा. संगणकावरचे अनेक खेळ पडद्यावर एक्सबॉक्सचीच अक्षरे दाखवतात, त्यामुळे "ए दाबा" असे दिसले की फुली दाबायची हे डोक्यात बसवावे लागते. निन्टेन्डोच्या कंट्रोलरवर तर ए आणि बी यांच्या जागाच उलट आहेत. तिथे ए उजवीकडे आहे, तर एक्सबॉक्सवर तो खाली आहे. जपानमध्ये प्लेस्टेशनवर गोल म्हणजे होकार आणि फुली म्हणजे नकार अशी रीत होती, व ती २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ येईपर्यंत टिकली. आपल्याला मात्र पहिल्यापासून फुली दाबून होकार द्यायची सवय लागली, आणि शाळेत फुलीने आयुष्यभर चूकच दाखवलेली असताना आपण ती मुकाट्याने कशी स्वीकारली याचे मला नवल वाटते.

डावखुरा

थोडे विषयाच्या कडेने लिहितो. कात्री, वहीची तार, परीक्षागृहातली हाताला फळी असलेली खुर्ची, यांपैकी काहीही माझ्यासाठी बनवलेले नाही. फक्त गेम कंट्रोलर बनवलेला आहे. १९७७ च्या अटारी या खेळयंत्राबरोबर येणारी जॉयस्टिक डाव्या हातात धरून उजव्याने हलवायची असे, कारण दिशा ठरवणे हे नाजूक काम मानले जाई आणि बटण डाव्या अंगठ्यासाठी कोपऱ्यात होते. पुढे निन्टेन्डोच्या गुन्पेई योकोई यांनी १९८२ च्या हातात धरायच्या डाँकी काँगसाठी अधिक चिन्हासारखा डी-पॅड आणला. तो डावीकडे होता, आणि तेव्हापासून दिशेचे काम डाव्या अंगठ्याकडे आले ते कायमचे. उजव्या हाताच्या माणसांनी आपले सगळ्यांत बारीक काम अशा रीतीने कमजोर अंगठ्यावर सोपवले आहे. दांडियाबाजारकर, आपण उजव्या हाताचे असाल तर आपला डावा अंगठा जोर जास्त आणि नेम कमी लावत असेल. स्टिक कडेपर्यंत रेटून धरण्याची सवय आहे का, हे एकदा पाहावे.

सोल्डरवाला_मकरपुरा

डावखुऱ्यांनी नेमका मुद्दा काढला आहे, परंतु रेटण्याचे कारण मला दुसरीकडे दिसते. मी हौसेने कंट्रोलर उघडतो, गेल्या काही वर्षांत ओळखीच्या लोकांचे बरेच दुरुस्त केले आहेत, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

नेहमीच्या स्टिकच्या दोन बाजूंना दोन छोटे पोटेन्शिओमीटर असतात; एक आडव्या हालचालीसाठी आणि एक उभ्या हालचालीसाठी. जुन्या रेडिओचा आवाज कमीजास्त करण्याचे बटण असते त्याच जातीचा हा भाग आहे. आत कार्बनचा पातळ पट्टा असतो, त्यावरून धातूची जीभ घासत फिरते, आणि ती कुठे टेकली आहे त्यावरून स्टिक किती कलली हे कंट्रोलरला समजते. घासून घासून पट्टा झिजतो, आणि तो सगळ्यांत आधी मधोमध झिजतो, कारण जीभ सर्वाधिक वेळ तिथेच असते. मग स्टिक मध्यावर असूनही आकडा मध्याचा येत नाही, आणि खेळाडू घरी चालू लागतो. पट्ट्याचा भुगा आणि बाहेरची धूळ यांनी त्यात भर पडते. एका गृहस्थांचा कंट्रोलर मी उघडला तेव्हा स्टिकच्या मुळाशी शेवेचा चुरा आणि तेलाचा पिवळा थर होता. सेव उसळ खाता खाता खेळण्याचे पातक आपल्या शहराबाहेर कोणी करत असेल असे वाटत नाही.

आता डेडझोनकडे येतो. मधल्या ज्या भागात स्टिक हलली तरी ती हललीच नाही असे समजायचे, तो डेडझोन होय. थोडा डेडझोन हवाच. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स कंट्रोलरच्या प्रोग्रॅमसाठी डाव्या स्टिकचा सुचवलेला आकडा ३२,७६७ पैकी ७,८४९ आहे, म्हणजे जवळपास २४ टक्के. आपण स्टीममध्ये ३५ ठेवला आहे. परंतु पुष्कळ खेळ स्वतःचा डेडझोन वेगळा लावतात. स्टीमने पहिले ३५ टक्के कापून उरलेली ६५ टक्के हालचाल पुन्हा शून्यापासून मोजायला दिली, आणि खेळाने तिच्यातून आणखी २४ टक्के कापले, तर मूळ हालचालीतले अजून सुमारे १६ टक्के गेले. म्हणजे स्टिकचा अर्धा प्रवास फुकट जातो आणि खेळाडूला नुसते चालवायलाही अंगठा अर्ध्याच्या पुढे न्यावा लागतो. धावायला तर तो कडेवरच दाबून धरावा लागणार, तोही स्प्रिंगच्या विरोधात, रोज तासभर. आपण डेडझोन वाढवायला सुरुवात केव्हा केली आणि अंगठा केव्हापासून दुखू लागला, या दोन तारखा जुळवून पाहा. मला तरी यात मांडणीचा संबंध कमीच दिसतो.

नवा घेताना हॉल इफेक्टची स्टिक असलेला घ्यावा. स्टिकच्या बुडाशी चुंबक असते आणि समोर चुंबकीय क्षेत्र ओळखणारा सेन्सर असतो. एकमेकांना काहीच घासत नसल्यामुळे पट्टा झिजण्याचा प्रश्न उरत नाही. हे काही आजचे शास्त्र नाही. एडविन हॉल यांनी हा परिणाम १८७९ मध्ये दाखवला आणि वर उल्लेख आलेल्या ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये तो १९९८ सालीच वापरला गेला होता. मधल्या काळात स्वस्त पोटेन्शिओमीटरच सगळीकडे रूढ झाले. आता एटबिटडू, गुलीकिट यांसारख्या चिनी कंपन्यांनी तो पुन्हा आणला आहे. मात्र "हॉल आहे म्हणजे अमर आहे" असे समजू नये. स्प्रिंग तीच असते, ती सैल पडली की स्टिक मध्यावर नीट परतत नाही. आणि खोक्यावरचा मजकूर पूर्ण वाचावा, कारण काही कंट्रोलरमध्ये ट्रिगर तेवढे हॉलचे असतात आणि स्टिक जुन्याच असतात.

रावपुराकर

मकरपुऱ्याच्या मंडळींनी माझी पंचाईत केली, हे कबूल करतो. तरीही माझा मुद्दा पूर्ण बाद झाला असे म्हणणार नाही. खाली ओढलेला अंगठा कडेवर दाबून धरणे हे वर असलेला अंगठा दाबून धरण्यापेक्षा जास्तच त्रासाचे असणार. एक भर घालतो. एल्डन रिंगमध्ये धावण्याचे बटण उजव्या अंगठ्याखाली आहे आणि कॅमेराही उजव्याच अंगठ्याकडे आहे, त्यामुळे पुष्कळ लोक तर्जनी वाकडी करून बटणावर ठेवतात आणि अंगठा स्टिकवर ठेवतात. ही खेकड्याची पकड करू नये. कंट्रोलरच्या पाठीवर मधल्या बोटाखाली येणारी जादा बटणे असली की धावणे तिकडे देता येते. एक्सबॉक्स एलिट आणि डुअलसेन्स एज यांवर ती आहेत, परंतु दोन्ही महाग आहेत; त्या मानाने बऱ्याच स्वस्त कंट्रोलरवरही हल्ली मागे दोन बटणे मिळतात.

दांडियाबाजारकर

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण सांगितलेले करून पाहायचे होते.

तारखा जुळवल्या. डेडझोन पहिल्यांदा वाढवला तो दिवाळीनंतर, आणि अंगठा दुखायला लागला संक्रांतीच्या सुमारास. पतंगाच्या मांज्याने हात आखडला असेल असे मी तेव्हा घरात सांगितले होते. मांजलपूरला माझे मेहुणे राहतात, त्यांच्याकडे दोन्ही प्रकारचे कंट्रोलर आहेत. ते आठवडा आठवडा आळीपाळीने आणले आणि दोन्हींवर डेडझोन आठच टक्के ठेवला. पहिल्या संध्याकाळी खेळाडू इतका चपळ झाला की मला आवरेना. नुसता अंगठा टेकवला तरी तो धावत सुटे. चौथ्या दिवशी हात हलका झाला. दुखणे पूर्ण गेलेले नाही, परंतु सकाळी डबा उघडताना जी कळ येत असे ती आता येत नाही. राहिलेले दुखणे डॉक्टरांना दाखवणार आहे.

मांडणीबद्दल सांगायचे, तर कमी डेडझोनवर एका रेषेतली स्टिकही मला जड गेली नाही, इथे कमाटीबागताईंचे म्हणणे खरे ठरले. त्यांनी सांगितल्याप्रमाणे शिंगे बोटांवर तोलून पाहिली. पहिले दोन दिवस कंट्रोलर मांडीवर पडत होता, मग जमले. तरीही पसंती वरखाली मांडणीलाच दिली. याचे कारण मला नेमके सांगता येत नाही. सामना रंगात आला की मी पकडीचे सगळे नियम विसरून कंट्रोलर मुठीत आवळतो, आणि मुठीत आवळलेल्या हाताचा अंगठा वरच राहतो, एवढेच समजले. हॉलच्या स्टिकचा आणि पाठीवर दोन बटणे असलेला घेतला आहे. धावणे डाव्या हाताच्या मधल्या बोटाकडे दिले आहे. मार अजून पूर्वीइतकाच खातो, फक्त आता पळत पळत खातो. कॅमेरा मात्र मी उलटाच ठेवला आहे, म्हणजे स्टिक मागे ओढली की नजर वर जाते, कारण तरुणपणी विमानांचे खेळ खूप खेळलो. त्यामुळे मुलगी माझ्या खेळाला हात लावत नाही.

तिचा प्रश्न वेगळ्याच मार्गाने सुटला. नव्या कंट्रोलरचा डी-पॅड खाली आहे आणि तिला तो आवडत नाही. जुन्याचा डी-पॅड वर आहे आणि अजून ठणठणीत आहे. तेव्हा स्टीममध्ये जुन्याची डावी स्टिक पूर्णपणे बंद करून टाकली, आणि आता ती तोच कंट्रोलर घेऊन बसते.

सोल्डरवालेदादा, जुन्याची डावी स्टिक बदलून हॉलची बसवता येईल का? मी उघडून पाहिले, तर ती बोर्डाला चौदा ठिकाणी जोडलेली दिसली आणि माझी हिंमत झाली नाही.

सोल्डरवाला_मकरपुरा

बसवता येते. आपल्या कंट्रोलरच्या बोर्डाला चालेल असाच भाग मागवा. पाय जुळले तरी सेन्सरचे आकडे जुळतीलच असे नसते, आणि बसवल्यावर मध्य पुन्हा ठरवून घ्यावा लागतो. चौदाही सांधे एकदम गरम करून भाग ओढायला जाऊ नका, बोर्डावरची तांब्याची रेघ उखडते. जुनी स्टिक कापून काढून एकेक पाय स्वतंत्र काढणे सुरक्षित असते. रविवारी सकाळी घेऊन या, दोघे मिळून करू. येताना सेव उसळ आणायला हरकत नाही, परंतु ती काम झाल्यावर उघडू.